रकान्याबाहेरचे लेकरू : डाउन सिंड्रोम आणि आधाराचा इतिहास

१९४४ साली जगाच्या दोन टोकांना, एकमेकांची ओळखही नसलेल्या दोन घरांसमोर एकच प्रश्न उभा होता. अमेरिकेत एरिक आणि जोन एरिक्सन यांना मुलगा झाला. एरिक एरिक्सन म्हणजे माणसाच्या वाढीचे टप्पे मांडणारे, पुढे जगभर नावाजले गेलेले मानसशास्त्रज्ञ. मुलाला डाउन सिंड्रोम होता. मित्रांच्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने नीलला जन्मल्याबरोबर संस्थेत ठेवले गेले. घरातल्या भावंडांना मात्र बाळ गेले असे सांगण्यात आले. नील सुमारे वीस वर्षे जगला, तो संस्थेतच.

त्याच वर्षी मुंबईत वकील नावाच्या पारशी दांपत्याने आपल्या मुलीसाठी घरातच एक छोटी शाळा सुरू केली. या मुलीलाही डाउन सिंड्रोम होता. आणखी काही पालकांनी आपली मुले तिथे पाठवली. पुढे हीच शाळा शिवडीच्या टेकडीवर गेली आणि आज ती 'जय वकील' या नावाने ओळखली जाते. मुलांच्या मनाचा एवढा मोठा जाणकार बाळाला घरी आणू शकला नाही आणि ज्यांच्या गाठीशी तसे कोणतेही शास्त्र नव्हते, त्यांनी घराचे दार इतरांच्या मुलांसाठीही उघडले. वकील दांपत्य सधन आणि सुशिक्षित होते हे खरेच, पण एरिक्सनही होते. फरक शोधायचा तर आजूबाजूच्या माणसांनी काय सांगितले आणि त्यानंतर कोण सोबत उभे राहिले, तिथे शोधावा लागतो.

डाउन सिंड्रोमचा इतिहास एरवी डॉक्टरांच्या शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मी तो आधाराचा इतिहास म्हणून वाचू लागलो, त्याला कारण घरचेच आहे. मी इतिहासाचा रीतसर विद्यार्थी नव्हे. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात, आसगावला, धानाच्या व्यवहारातून सवड मिळेल तेव्हा मालगुजारी तलावांचे आणि कोष्ट्यांचे जुने कागद वाचणारा माणूस. तीन वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाला नातू झाला. पाचव्या आठवड्यात नागपूरहून तपासणीचा कागद आला. त्यावर '४७, एक्सवाय, +२१' एवढेच होते. घरातला वाचणारा माणूस म्हणून तो माझ्या हाती आला आणि पुढच्या पंधरा दिवसांत चार प्रश्न मला निरनिराळ्या तोंडून विचारले गेले. या लेखाची विभागणी त्या प्रश्नांनीच केली आहे.

'हे का होय जी?'

पहिला प्रश्न नावाचा. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात अर्ल्सवुड नावाचा आश्रम होता. जॉन लँग्डन डाउन १८५८ साली तिथे प्रमुख वैद्य झाले. आश्रमातल्या मुलांचे चेहरे, जीभ, हात, बोलणे, नक्कल करण्याची हौस यांच्या त्यांनी बारकाईने नोंदी ठेवल्या आणि १८६६ साली एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी माणसांची वंशांत वर्गवारी करण्याची चाल होती. डाउन यांनीही मुलांची वर्गवारी चेहऱ्यावरून केली आणि एका गटाला 'मंगोल' म्हटले. डोळ्यांच्या ठेवणीवरून दिलेले हे नाव जवळजवळ शंभर वर्षे टिकले. गंमत अशी की याच निबंधाच्या शेवटी त्यांनी सगळी माणसे एकाच जातीची आहेत, असा निष्कर्ष काढला होता. इंग्रज आईबापांच्या पोटी 'मंगोल' चेहऱ्याचे मूल जन्मते, तेव्हा वंशांमधल्या भिंती पक्क्या कशा, असा त्यांचा युक्तिवाद होता. लोकांनी तो विसरून फक्त शब्द उचलला.

१९६१ साली काही शास्त्रज्ञांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात पत्र लिहून हा शब्द टाकून द्यावा असे सुचवले. १९६५ साली मंगोलियाच्या विनंतीनंतर जागतिक आरोग्य संघटनेने तो सोडला. तरीही आपल्याकडच्या दवाखान्यांत तो पुढे कित्येक वर्षे ऐकू येत होता.

आपल्या भागात या मुलांची नोंद कुठे सापडते, हे मी शोधू लागलो. १८७२ ते १९३१ पर्यंतच्या खानेसुमारीत व्यंगांची मोजदाद होत असे. रकाने ठरलेले होते : वेडे, मुके-बहिरे, आंधळे, कुष्ठरोगी. या मुलांसाठी वेगळा रकाना नव्हता. ती 'वेडे' या रकान्यात गेली असतील किंवा कुठेच गेली नसतील. नागपूरचे वेड्यांचे इस्पितळ १८६४ सालचे. १९१२ च्या भारतीय कायद्याने 'लुनॅटिक' या शब्दाच्या व्याख्येतच 'इडियट' बसवला, म्हणजे उपचाराने बरा होऊ शकणारा मनोरुग्ण आणि जन्मतःच सावकाश शिकणारे मूल कायद्याच्या लेखी एकच. हे दोन्ही वेगळे आहेत असे कायद्याने मान्य केले ते १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमात. गावात मात्र फरक आधीपासून होता. आमच्याकडे 'येडा' वेगळा आणि 'भोळा' वेगळा. भोळ्याला गुरे राखायला पाठवत, लग्नात पंगतीला बसवत, त्याची थट्टाही करत. त्याच्यावर कुणी खर्च करत नसे आणि त्याच्याकडून कसली अपेक्षाही ठेवत नसे.

आमच्या घरी नावाचा प्रश्न वेगळ्याच रीतीने पुढे आला. कागद आल्यापासून पाळण्याचा विषय कुणी काढेना. भेटायला येणारी माणसे ओसरीवरून परत जात, जसे काही घरात सुतक आहे. अखेर माझ्या काकूने, म्हणजे बाळाच्या पणजीने, सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, "रोगाले नाव भेटलं, मंग लेकराले काहून नाही?" पुढच्या रविवारी पाळणा झाला. कागदात जे नाव आहे ते अवस्थेचे आहे, मुलाचे नाही, हे ज्या म्हातारीला अक्षरओळख नाही तिने सांगितले. १९६१ च्या पत्राला जे म्हणायचे होते, ते याहून फार निराळे नव्हते.

'कोनाच्यानं झालं?'

हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो आणि उत्तर बहुतेकदा आधीच ठरलेले असते. ग्रहणात सुरी हातात धरली, अमुक खाल्ले, सांजवेळी तळ्यावर गेली. बोट नेहमी बाळंतिणीकडेच.

विज्ञानाचा इतिहासही याबाबत फारसा निर्मळ नाही. खुद्द डाउन यांना आईबापांचा क्षयरोग हे कारण वाटत होते. नंतरच्या डॉक्टरांनी उपदंशाला, दारूला, वारंवारच्या बाळंतपणांनी थकलेल्या गर्भाशयाला दोष दिला. १९३३ साली इंग्लंडमध्ये लायनेल पेनरोज यांनी अनेक कुटुंबांची माहिती जमवून दाखवले की या अवस्थेचा संबंध बापाच्या वयाशी किंवा कितव्या बाळंतपणाशी नसून आईच्या वयाशी आहे. कारण मात्र त्यांनाही कळले नव्हते.

कळणार तरी कसे? माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात हेच मुळी १९५६ साली पक्के झाले. त्यानंतर पॅरिसच्या त्रूसो रुग्णालयात मार्त गोतिए या तरुण डॉक्टर बाईंनी अपुऱ्या साधनांनिशी पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. सुरुवातीच्या खर्चासाठी त्यांनी स्वतः कर्ज काढले, पेशी वाढवण्यासाठी स्वतःचे रक्तही वापरले. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या पेशींत त्यांना एक गुणसूत्र जास्त दिसले. त्यांच्याकडे फोटो काढणारा सूक्ष्मदर्शक नव्हता, म्हणून काचपट्ट्या सहकारी जेरोम लेजन यांच्याकडे गेल्या. १९५९ च्या जानेवारीत निबंध छापून आला, तेव्हा पहिले नाव लेजन यांचे होते आणि गोतिए यांच्या नावाचे स्पेलिंगही चुकलेले होते. आपली बाजू त्यांनी जाहीरपणे मांडली ती पन्नास वर्षांनंतर. दोष देण्याच्या वेळी बाई सगळ्यात पुढे आणि श्रेय देण्याच्या वेळी मागे, ही रीत आसगावची आणि पॅरिसची सारखीच.

शोधाचा अर्थ सांगायला सोपा आहे. बीज तयार होताना गुणसूत्रांची जोडी सुटून अर्धी अर्धी वाटली जाते. कधी एकविसावी जोडी सुटतच नाही. मग बाळाला दोनाऐवजी तीन प्रती मिळतात. शंभरातल्या सुमारे पंचाण्णव मुलांत हेच घडलेले असते. हे आपोआप घडते. खाण्यापिण्याने, ग्रहणाने किंवा कामाने ते होत नाही. काही थोड्या मुलांत हे जादा गुणसूत्र बापाकडूनही आलेले असते. तीन-चार टक्के मुलांत ट्रान्सलोकेशन नावाचा प्रकार असतो. तो आईकडून किंवा बापाकडून आलेला असू शकतो, म्हणून पुढच्या मुलाचा विचार करण्याआधी गुणसूत्रांचा कागद तज्ज्ञाला दाखवणे महत्त्वाचे.

वयाबद्दलही एक गैरसमज आहे. पंचविशीतल्या आईला असे मूल होण्याची शक्यता साधारण साडेबाराशेत एक, चाळिशीत शंभरात एक. पण आपल्याकडे बहुतेक बाळंतपणे तिशीच्या आत होतात, त्यामुळे अशी बहुतेक मुले तरुण आयांच्याच पोटी जन्मतात. आमची सून तेवीस वर्षांची होती.

हे सगळे मी एका संध्याकाळी अंगणात बसून, घरातल्या पुरुषांसमोर, मुद्दाम मोठ्याने सांगितले. सून दाराआड होती. सासूने शेवटी एकच विचारले, "मंग पोरीचं काही चुकलं नाही न?" नाही म्हटल्यावर ती उठली आणि सुनेचे ताट वाढायला गेली.

लोकसमजुतींना सरसकट नावे ठेवणे मला पटत नाही. पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते, ही कल्पना आईला दोषातून सोडवणारी आहे. लिहिले ते सटवाईने, बाईने नव्हे. तिची मर्यादा एवढीच की लिहिलेले बदलत नाही असे मानले की माणसे प्रयत्न सोडतात.

'जगन का?'

१९२९ च्या सुमारास पाश्चात्त्य देशांत या मुलांचे सरासरी आयुष्य नऊ वर्षांचे होते. १९८३ च्या सुमारास ते पंचवीस झाले आणि आता साठीच्या आसपास पोचले आहे. इतक्या कमी काळात माणसाच्या शरीरात बदल झालेला नाही. बदलला तो भोवतालच्यांचा निर्णय. प्रतिजैविके आली, हृदयाच्या शस्त्रक्रिया आल्या, पण त्या या मुलांवर करायच्या की नाही हा वाद बराच काळ चालला.

१९८२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टन गावी डाउन सिंड्रोम असलेले एक बाळ जन्मले. त्याची अन्ननलिका जोडलेली नव्हती. शस्त्रक्रियेने ती जोडता आली असती. पण या मुलाच्या आयुष्यात काही अर्थ उरणार नाही, असे चित्र डॉक्टरांनी आईबापांपुढे उभे केले. त्यांनी शस्त्रक्रिया नाकारली, न्यायालयानेही त्यात हात घातला नाही आणि सहाव्या दिवशी बाळ गेले. त्यावर देशभर काहूर उठले आणि १९८४ साली तिथे कायदा बदलला. आईबापांना निर्दय म्हणणे सोपे आहे. पहिल्या दिवशी त्यांच्या कानी जे शब्द पडले, ते माझ्या मते अधिक तपासण्यासारखे आहेत.

कारण पहिल्या काही महिन्यांत करण्यासारखे पुष्कळ असते आणि त्याला मुदत असते. यांपैकी जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात दोष असतो. बाळ रडताना निळे पडो न पडो, प्रत्येकाची इको तपासणी व्हावी लागते. काही दोषांची शस्त्रक्रिया पहिल्या सहा महिन्यांच्या आसपास झाली तर ठीक. फार उशीर झाला तर फुप्फुसांतला रक्तदाब इतका वाढतो की ती करता येत नाही. थायरॉइड, कान, डोळे तपासावे लागतात. अंग सैल असल्याने बाळ नीट ओढून पीत नाही, त्याला धरून, थांबून थांबून पाजावे लागते.

यात आपल्या भागाचा वाटा मोठा आहे. भंडाऱ्यापासून फार लांब नसलेल्या गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. त्याचे परिणाम १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. २०११ पासून ही पद्धत देशभर आशाताईंमार्फत सुरू झाली. दवाखान्यात बाळंतपण झाले असले तरी आशा पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्याच्या तीस अवस्थांच्या यादीत डाउन सिंड्रोमचे नाव आहे. पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात आणि जिल्ह्याच्या केंद्राकडे मुले पाठवतात. १९३१ पर्यंत ज्याला रकाना नव्हता, त्याला छापील अर्जात चौकोन मिळायला एवढी वर्षे लागली.

आमच्या बाळाच्या हृदयात छिद्र निघाले. शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून नागपूरला झाली, तेव्हा ते पाच महिन्यांचे होते. तारीख आली ती ऐन रोवणीत. धानाच्या गावात रोवणी चुकली तर वर्ष गेले. शेजारच्या तीन घरांनी न सांगता आपापले मजूर त्या बांध्यांत उतरवले. बाळाच्या मामाने नागपूरच्या चकरा आपल्याकडे घेतल्या, कागदांची थैली त्याच्याच खांद्याला. काकूने रात्रीचे पाजणे वाटून घेतले, म्हणून सुनेला सलग चार तास झोप मिळू लागली. 'धीर धरा' म्हणणारे पुष्कळ आले होते. त्या घराला उभे ठेवले ते या कामांनी.

'आमच्या मागं याले कोन पाहीन?'

चौथा प्रश्न बाळाच्या बापाचा. मूल दीर्घायुषी झाले की हाच प्रश्न सगळ्यात मोठा होतो.

डाउन यांनी १८६८ साली पत्नी मेरी यांच्यासोबत नॉर्मन्सफील्ड हे निवासी घर काढले, तिथे मुलांना कामे शिकवली, नाट्यगृह बांधले. १९०५ साली त्यांच्याच घराण्यात, त्यांचा नातू म्हणून, डाउन सिंड्रोम असलेला मुलगा जन्मला. आजोबा तोवर वारले होते. फ्रान्सचे शार्ल द गोल यांची धाकटी मुलगी ॲन हिलाही ही अवस्था होती. त्यांनी तिला युद्धाच्या धामधुमीतही आपल्याजवळच ठेवले. ती विसाव्या वर्षी, १९४८ मध्ये गेली. तिच्या नावाची संस्था त्यांनी आणि पत्नी इव्हॉन यांनी ती हयात असतानाच काढली होती, आपल्यानंतर अशा मुलींना घर असावे म्हणून.

महाराष्ट्रात हा धागा वकील दांपत्याच्या शाळेपासून पुढे जातो. १९६४ साली पुण्यात 'कामायनी' निघाली. विदर्भापुरते पाहिले तर मला मातृसेवा संघाची वाट विशेष वाटते. तरुणपणीच वैधव्य आलेल्या कमलाताई होस्पेट परिचारिकेचे शिक्षण घेऊन १९२१ साली नागपुरात छोटे सूतिकागृह काढतात आणि बाळंतपणे करता करता त्याच संस्थेची पुढे मतिमंद मुलांसाठी 'नंदनवन' ही शाळा उभी राहते. मूल जन्माला आणायला मदत करणाऱ्यांनी त्याच्या पुढच्या आयुष्याचीही काळजी वाहावी, हा क्रम मला फार नैसर्गिक वाटतो.

मग पालक एकत्र येऊ लागले. १९९५ साली 'परिवार' हा पालक संघटनांचा देशव्यापी महासंघ झाला. पालकांच्या रेट्याचे मोठे फळ म्हणजे १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर त्याचा कायदेशीर पालक कोण, हे ठरवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. त्याच न्यासाच्या 'निरामय' योजनेत लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बौद्धिक अक्षमतेसह २१ प्रकार मान्य केले आणि ठरावीक प्रमाणाच्या अक्षमतेसाठी सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. भावकीतल्या माणसांनी शिकून ठेवावे असे हे आहे, कारण आईबाप पहिली दोन वर्षे दवाखान्यातच असतात, त्यांना अर्ज भरायला उसंत नसते.

मोठेपणीचे चित्र डोळ्यांसमोर असणेही आधारच असतो. पुण्याची गौरी गाडगीळ ही डाउन सिंड्रोम असलेली जलतरणपटू. तिच्या आयुष्यावरच्या, २०१४ साली प्रदर्शित झालेल्या 'यलो' या मराठी चित्रपटात तिनेच स्वतःची भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. हा चित्रपट मी भावाच्या घरी लावला. प्रत्येक मूल पोहून पदक आणणार नाही, हे मी आधीच सांगितले. पण बाळाच्या बापाने मोठी झालेली अशी व्यक्ती त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

तरीही चौथ्या प्रश्नाचे उत्तर अपुरे आहे. शाळा, कार्यशाळा, मोठ्यांसाठीची निवासी घरे शहरांत एकवटली आहेत. आसगावसारख्या गावाकडून नागपूरला जायचे म्हणजे एकाची पूर्ण दिवसाची मजुरी बुडते आणि वाचेचे व हालचालींचे शिक्षण तर आठवड्यातून अनेकदा लागते. कायद्याने दिलेला हक्क आणि सकाळची एसटी यांची गाठ अजून पडलेली नाही. ती पडेपर्यंत गावातली अंगणवाडी, जिल्हा परिषदेची शाळा आणि भावकी यांच्यावरच मुलाचे मोठे होणे अवलंबून आहे.

इतिहासाच्या कामाबद्दल शेवटी एक सांगतो. डाउन, पेनरोज, लेजन यांची नावे पुस्तकांत आहेत, गोतिए यांचेही उशिरा आले. वकील दांपत्याने १९४४ साली पहिली घंटा वाजवली, तेव्हा शेजारपाजारच्या कोणी आपले मूल त्या घरी सोडले, कोणी नाके मुरडली, याची नोंद सापडत नाही. कुणाची रोवणी कुणी करून दिली, रात्री कोण जागले, हे कोणत्याही खानेसुमारीत येणार नाही. म्हणून मी एक वही घातली आहे. पवनी तालुक्यातल्या अशा घरांत जातो, त्यांनी परवानगी दिली तर, नावे न घेता, तीन गोष्टी विचारून लिहून घेतो : पहिल्या दिवशी तुम्हाला कोण काय बोलले, त्यानंतर कोण आले आणि त्यांनी काय केले. आपापल्या तालुक्यात हौसेने जुने कागद धुंडाळणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. त्यांनीही अशी वही घालावी, असे मला सुचवावेसे वाटते.